मॅगझिन चौकातली दोन मापं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याहून आळंदीला जाताना दिघीच्या हद्दीत एक चौक लागतो. त्याचं नाव मॅगझिन चौक. बस थांबते, चार माणसं उतरतात, चार चढतात. आषाढात माउलींची पालखी आळंदीहून निघते तीही याच रस्त्याने पुण्याकडे येते आणि लाखो पावलं या चौकातून पुढे जातात. नवख्या माणसाला वाटतं, इथे कधीकाळी एखाद्या मासिकाचं कार्यालय असेल. तसं काही नाही. इथलं मॅगझिन म्हणजे लष्कराच्या स्फोटकांचं कोठार.

शब्द मात्र मोठा प्रवासी आहे. अरबीत ख-झ-न या धातूचा अर्थ साठवणं. त्यावरून मखझन म्हणजे साठवणीची जागा आणि त्याचं अनेकवचन मखाझिन. अरब व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द इटलीत गेला, तिथून फ्रान्सात, मग इंग्लंडात. तिथे दारूगोळ्याच्या कोठाराला मॅगझिन म्हणू लागले. पुढे १७३१ साली लंडनच्या एका प्रकाशकाने लेखांचं कोठार म्हणून आपल्या नियतकालिकाला ‘द जंटलमन्स मॅगझिन’ असं नाव दिलं आणि छापील मॅगझिनं जन्माला आली. उर्दूत मूळ शब्दच राहिला. बाराव्या शतकात निझामीने आपल्या फारसी काव्याला ‘मखझनुल असरार’, म्हणजे रहस्यांचं कोठार, असं नाव दिलं होतं. १९०१ साली लाहोरला ‘मखझन’ नावाचं उर्दू मासिक निघालं. आणि आपण मराठीत रोज जो खजिना म्हणतो, तोही याच घरातला. म्हणजे कवितेचं पुस्तक, सरकारी तिजोरी आणि सुरुंगाची दारू ही तिन्ही भावंडं. सांभाळून ठेवावं असं काहीतरी तिघांच्याही पोटात असतं.

तर दिघीच्या या कोठाराभोवती एक रेघ आहे. ती जमिनीवर दिसत नाही, नकाशावर दिसते. पिंपरी-चिंचवडमध्ये तिला सगळे ‘रेड झोन’ म्हणतात. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती ही रेघ दोन हजार यार्डांची, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या थोडी पुढे आहे. दिघीत ती त्याहून आखूड, किलोमीटरच्या जरा पलीकडे. रेघेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. परवानगी नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. आणि तरीही तिथे माणसं आहेत. गुंठा, अर्धा गुंठा घेऊन, वर पत्रा टाकून, पुढे पत्र्याचा स्लॅब करून राहिलेली माणसं आहेत. दर निवडणुकीत या रेघेचं काय करायचं यावर भाषणं होतात.

मला त्या भाषणांत जायचं नाही. मला वेगळं कुतूहल आहे. धोका मोजायचा कसा? तो मोजायला माणूस कधी शिकला? आणि मोजून झाल्यावर आधी कुठला आवरायचा, नंतर कुठला, हे ठरवतं कोण?

आधी या रेघेचंच कूळ बघू. १९०३ साली, लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, हिंदुस्थानात ‘वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट’ हा कायदा झाला. लष्करी बांधकामाच्या भोवतालची जमीन मोकळी राहावी, हा त्याचा हेतू. त्यात तीन हद्दी सांगितल्या आहेत. बाहेरची दोन हजार यार्डांपर्यंत, मधली हजार यार्डांपर्यंत आणि आतली पाचशे यार्डांपर्यंत. जसजसं आत जावं तसतसे निर्बंध कडक. आता अंतर कुठून मोजायचं, तर कायदा म्हणतो, बाहेरच्या तटाच्या माथ्यापासून. ही भाषा किल्ल्याची आहे. तटावर उभ्या असलेल्या तोफेला समोरचं मैदान मोकळं हवं, शत्रूला लपायला घर, झाड, बांध नको, असा तो विचार. दारूचं कोठार उडालं तर हादरा किती लांब जाईल, हा हिशेब त्या दोन हजार यार्डांच्या मुळाशी नव्हता. तो हिशेब वेगळ्या रीतीने होतो. स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो आणि साधारण नियम असा की, साठा आठपट केला तर सुरक्षित अंतर दुप्पट करावं लागतं, आठपट नाही. त्यामुळे कोठारात काय आहे, किती आहे, भोवती मातीचे बांध घातले आहेत की नाहीत, त्यावर रेघ हलायला हवी. साठा हलतो, बदलतो. रेघ मात्र एकदा अधिसूचनेत बसली की बसली.

त्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. ज्याच्या जमिनीवर निर्बंध येतील त्याला भरपाई किती द्यायची, हे ठरवण्याची तरतूद कायद्यातच आहे. पुढे तिच्याकडे परत येईन.

धोक्याला मराठीत जोखीम म्हणतात. जोखणं म्हणजे तोलणं. धान्य जोखतात, माणूस जोखतात. जोखीम आणि जोखणं कानाला एकाच घरातले वाटतात आणि व्यवहारात तर ते एकत्रच नांदले. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. साधी हुंडी म्हणजे अमुक दिवशी अमुक रक्कम देण्याचं कागदी वचन. जोखमी हुंडीत एक अट जास्त. माल गलबतातून सुखरूप पोचला तर पैसे द्यायचे. गलबत बुडालं तर हुंडीही बुडाली. म्हणजे ती हुंडी विकत घेणारा सावकार समुद्राचा धोका स्वतःच्या अंगावर घेत होता आणि त्याबद्दल भावात कसर कापून घेत होता. त्याच्याकडे तक्ते नव्हते. पण गलबत किती जुनं, तांडेल कोण, महिना कुठला, वाटेत चाचे आहेत का, आणि आत कापूस आहे की तांबं, हे तो बघतच असणार. यातल्या पहिल्या चार गोष्टी ‘बुडेल का’ हे सांगतात, पाचवी ‘बुडालं तर किती जाईल’ हे सांगते. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात होडी घालायची नाही, ही कोळ्यांची रीत म्हणजे तरी काय? वर्षाचे काही महिने सरळ लाल रंगाने रंगवून टाकलेले.

आपला विमा हा शब्दही बघा. फारसीत बीम म्हणजे भीती. त्यावरून बीमा, आणि मराठीत विमा. दर महिन्याला हप्ता भरताना आपण भीतीचीच किंमत भरत असतो, आणि भाषेने ते कधी लपवलेलं नाही.

पश्चिमेत हा विचार कागदावर नेमकेपणाने आला तो १६६२ साली. पॅरिसजवळच्या पोर्ट-रॉयल मठाशी जोडलेल्या अंत्वान आर्नो आणि पिएर निकोल या दोघांनी तर्कशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटाकडे ते गडगडाटाला घाबरणाऱ्या माणसांचं उदाहरण देतात. वीज अंगावर पडून मरणं भयंकर खरं, पण फार क्वचित घडणारं. भीती किती बाळगावी, हे नुसतं नुकसान किती मोठं यावर ठरवू नये, ते घडण्याची शक्यता किती हेही सोबत धरावं, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी आठ वर्षं, १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा या दोघांनी अर्धवट सोडलेल्या जुगाराचे पैसे कसे वाटावेत यावर पत्रव्यवहार करून शक्यतेचं गणित मांडलं होतं. जुगाऱ्यांच्या टेबलावरचं गणित मठात गेलं आणि भीतीला लावलं गेलं.

दोन मापं म्हणतो ती हीच. किती मोठं, आणि किती वेळा.

आज कारखान्यात ज्याला ‘रिस्क मॅट्रिक्स’ म्हणतात ती या दोन मापांची चौकट आहे. एका बाजूने नुकसानाच्या पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूने शक्यतेच्या. या चौकटीला आजचं वळण मिळण्यात अमेरिकी लष्कराचा मोठा हात आहे. १९६९ साली त्यांच्या संरक्षण खात्याने शस्त्रास्त्र-यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी एक मानक काढलं आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत ही चौकट ठरीव झाली. नुकसानाच्या चार पायऱ्या: विनाशकारी, गंभीर, किरकोळ, नगण्य. शक्यतेच्या पाच: वारंवार, बऱ्याचदा, अधूनमधून, क्वचित, जवळजवळ कधीच नाही. चार गुणिले पाच, वीस घरं. काही घरं लाल, काही पिवळी, काही हिरवी. प्रत्येक धोका कुठल्यातरी घरात बसवायचा आणि लाल घरातल्यांपासून कामाला लागायचं. विश्वास ठेवा, याहून अवघड असं त्यात काही नाही. आपल्या घरात गॅसची नळी जुनी झाली आहे, न्हाणीघराची फरशी निसरडी आहे आणि गच्चीवर पाण्याची टाकी झुकली आहे, पैसे मात्र एकाच कामापुरते आहेत, तेव्हा बाई मनातल्या मनात हेच करते.

भोसरी, चाकणच्या कारखान्यांत या कामाला एक गमतीचं नाव आहे. धोका ओळखून जोखीम ठरवण्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘हिरा’ होतं. सेफ्टी ऑफिसर विचारतो, ‘वेल्डिंगचा हिरा झाला का?’ आणि सुपरवायझर फाइल काढतो. वाहन उद्योगात आणखी एक पद्धत रुळली, तिच्यात दोनाऐवजी तीन मापं असतात. दोष किती घातक, किती वेळा होतो, आणि होण्याआधी पकडला जाईल की नाही. प्रत्येकाला एक ते दहा गुण द्यायचे आणि तिन्ही गुणायचे. म्हणजे सर्वात वाईट दोषाला हजार गुण. हे तिसरं माप लक्षात ठेवा. वेळेत कळेल का?

आता मुंबईला जाऊ. कारण जोखीम जोखली नाही तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात मला दिसत नाही.

१९४४ चा एप्रिल. महायुद्ध चालू. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, म्हणजे तोफगोळे, बाँब, सुरुंग, टॉर्पेडो. त्यातली काही अतिसंवेदनशील वर्गातली. शिवाय रुपयाला आधार म्हणून पाठवलेल्या सोन्याच्या १२४ विटा. जहाज कराचीला थांबलं. तिथे उतरवलेल्या मालाच्या जागी कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी भरल्या, वंगणतेलाची पिंपं भरली, लाकूड भरलं, आणखी बरंच काही. स्फोटकांच्या सोबत कापूस नको, हे कुठल्याही खलाशाला कळतं. कापूस आतल्या आत धुमसतो, बाहेर कळत नाही, विझवला तरी विझत नाही. कप्तानाने कुरकूर केली असं सांगतात. पण युद्धात जहाजं कमी आणि माल जास्त होता.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. स्फोटकांचं जहाज असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावायची रीत होती, तो लावला नव्हता. युद्धकाळात शत्रूला सांगायचं कशाला, हा विचार. स्फोटकं उतरवून नेण्यासाठी पडाव लागतात. त्यांची वाट बघण्यात वेळ गेला आणि आधी दुसराच माल उतरत राहिला. १४ एप्रिलच्या दुपारी शेजारच्या जहाजांवरच्या माणसांना फोर्ट स्टिकिनमधून धुराची रेघ दिसली. खुद्द त्या जहाजावर आगीची हाक उठली ती दोनच्या सुमाराला. तिसरं माप इथे आठवा. धूर दिसत होता, पण ज्यांना दिसत होता त्यांना आत काय आहे हे माहीत नव्हतं. बावटा असता तर माहीत झालं असतं.

पुढचे दोन तास हे एका मोठ्या प्रश्नाचे होते. तीन मार्ग होते. जहाज ओढून बंदराबाहेर न्यायचं. किंवा तिथेच बुडवायचं. किंवा आग विझवत राहायचं. धक्क्यावर लष्कराचा दारूगोळा जाणणारा अधिकारी होता, बंदराचे अधिकारी होते, अग्निशामक दल होतं, कप्तान होता. प्रत्येकाला आपापल्या बाजूचा धोका नेमका ठाऊक होता. पण सगळ्यांचे धोके एका कागदावर मांडून, हा सर्वांत मोठा म्हणून आधी हेच करा, असं म्हणण्याचा अधिकार एकाकडेही नव्हता. मग जे हाताशी होतं ते चालू राहिलं. शेकडो टन पाणी आत ओतलं गेलं. खालचा पेटता कापूस त्या पाण्यावर तरंगत वर चढला, आणि वर स्फोटकं होती.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. जवळची जहाजं फुटली. ‘जलपद्म’ नावाचं एक जहाज पाण्यातून उचलून धक्क्यावरच्या शेडवर आदळलं. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. सोन्याची एक वीट मैलभर लांबच्या एका पारशी गृहस्थाच्या छपरातून घरात आली. बंदराला लागून मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी. कोकणातून पोट भरायला आलेले खलाशी, हमाल, गोदीकामगार याच भागात दाटीने राहत. जळत्या गाठी त्यांच्या छपरांवर पडल्या. मेलेल्यांचा सरकारी आकडा सातशेच्या पुढे आहे, इतर अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. बेघर झालेले सुमारे ऐंशी हजार. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी. आग कशाने लागली यावर पुष्कळ तर्क झाले, विडी-सिगारेटवर संशय घेतला गेला.

मला त्या विडीत रस नाही. जहाजावर कोणीतरी विडी ओढणार हे गृहीतच धरायला हवं. कापूस पेटणं ही अधूनमधून घडणारी गोष्ट. गोदीत जहाज उभं राहणं रोजचं. स्फोटकं वाहून नेणं युद्धात नेहमीचं. प्रत्येक गोष्ट स्वतःपुरती पिवळ्या घरातली होती. सगळ्या एका जहाजात आल्या तेव्हा घर लाल झालं, आणि कराचीपासून मुंबईपर्यंत ते एकत्र बघणारा डोळा नव्हता. तक्त्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. आकडे त्यात अंदाजाचेच असतात. पण कप्तान, दारूगोळ्याचा जाणकार, बंदराचा माणूस आणि बंबवाला यांना एका टेबलाशी बसावं लागतं, आणि एकाचा पिवळा दुसऱ्याला लाल वाटला तर तिथेच भांडावं लागतं. ते भांडण धक्क्यावर, आग लागल्यावर करण्यात अर्थ नसतो.

पुन्हा दिघीत येऊ. मघाची दोन मापं इथे लावून बघा. मजा अशी की, एकेका बाजूने एकेकच माप हातात घेतलं आहे. कायदा फक्त ‘किती मोठं’ बघतो. कोठार उडालं तर काय, एवढंच. ते किती वर्षांत एकदा उडेल, हे तो विचारत नाही. रेघेच्या आत राहणारा माणूस फक्त ‘किती वेळा’ बघतो. आमच्या आज्याच्या काळापासून कोठार आहे, काही झालं का? दोघेही खोटं बोलत नाहीत. पण एकाच्या हातात तराजूचं हे पारडं, दुसऱ्याच्या हातात ते. तराजू उचलायला दोघांना एकत्र यावं लागेल.

आणि या तक्त्यात एक चमत्कार घडतो. कोठार जिथे होतं तिथेच आहे. ते उडण्याची शक्यता वाढलेली नाही, नव्या पद्धतींनी कदाचित घटलीच असेल. पण शेजारी माणसं आली. दिघी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाख होती, २०११ मध्ये सव्वासतरा लाख. वस्ती वाढली तसं ‘किती मोठं’ हे माप आपोआप वर सरकलं. ज्याने कुठल्याही स्फोटकाला हात लावला नाही त्या माणसाने नुसतं घर बांधून धोक्याचं घर बदललं. मग त्यालाच दोष द्यायचा? त्याला भोसरीच्या कारखान्यात काम मिळालं, आणि परवडेल अशी जमीन फक्त तिथेच होती, जिथे कोणी परवानगी देत नव्हतं. म्हणून तर ती परवडत होती.

‘कधी काही झालं का’ या प्रश्नाला विदर्भाने २०१६ साली उत्तर दिलं. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा डेपो हा देशातला सर्वांत मोठा दारूगोळा डेपो. ३० मेच्या रात्री आणि ३१ च्या पहाटे तिथल्या एका शेडमध्ये आग लागून स्फोट झाले. शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते. दोन लष्करी अधिकारी आणि डेपोच्या अग्निशामक दलाचे अनेक जवान गेले. मुंबईच्या गोदीसारखीच इथेही पहिली पाळी बंबवाल्यांचीच. भोवतालची गावं रातोरात रिकामी करावी लागली. पण इतर शेडमधला साठा वाचला. अंतर ठेवून बांधण्याचा जो नियम आहे, तो कागदावर रटाळ वाटतो आणि अशा रात्री कामाला येतो. तेव्हा दिघीची रेघ पुसा असं म्हणणाऱ्यांच्या बरोबर मला जाता येत नाही.

पण रेघेच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक प्रश्न आहे. लाल घरावर नजर खिळली की शेजारची घरं दिसेनाशी होतात. तळवडे हे गाव दिघीसारखंच. त्याचा काही भाग देहूरोडच्या रेड झोनमध्ये येतो. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यातल्या एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तिथे तयार होत. काम करणाऱ्या बहुतेक बायका. त्या दिवशी सहा जणी गेल्या, नंतर दवाखान्यात आकडा वाढत गेला. कारखाना परवान्याशिवाय चालत होता, असं प्रशासनानेच सांगितलं. आता हा धोका कुठल्या तक्त्यात होता? हजारो टनांच्या कोठारासाठी कायदा आहे, समिती आहे, मातीचे बांध आहेत, पहारा आहे. मूठभर फुलबाजीच्या दारूसाठी एक पत्र्याचं शेड होतं. जिथे काहीच बांधायला परवानगी नसते तिथे जे बांधलं जातं ते कोणाच्याच कागदावर नसतं. त्याची वायरिंग कोणी तपासत नाही, दुसरं दार आहे का हे कोणी बघत नाही, बंब आत वळेल का हे कोणी मोजत नाही. एक मोठा, क्वचितचा धोका टाळण्यासाठी आखलेली रेघ अनेक लहान, रोजच्या धोक्यांना अंधारात ढकलते. हे मी तळवड्याच्या त्या शेडबद्दल म्हणत नाही, रेघांबद्दल म्हणतो.

या लहान, रोजच्या धोक्यांना तक्ताही नीट न्याय देत नाही. गुणाकाराची रीत घ्या. दहा गुणिले एक दहा, एक गुणिले दहा तेही दहा. गाव उडणं आणि पॉवर प्रेसखाली बोट जाणं हे शेजारच्या घरांत येऊ शकतं. २००८ साली लुई अँथनी कॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने ‘रिस्क ॲनालिसिस’ या नियतकालिकात यावर लिहिलं आणि त्यातला एक निष्कर्ष झोंबणारा होता. मोठे धोके क्वचितचे आणि लहान धोके वारंवारचे असतील, तर असा तक्ता काही वेळा डोळे मिटून चिठ्ठी काढण्याहूनही वाईट क्रम लावू शकतो. आणि जगातले बहुतेक धोके अगदी याच स्वभावाचे असतात. वाहन उद्योगानेही २०१९ मध्ये हजार गुणांच्या गुणाकाराला निरोप देऊन, आधी नुकसान किती घातक हे बघा, अशी नवी रीत आणली. म्हणून तक्ता फेकून द्यावा असं नाही. तराजू खोटा निघाला म्हणून कोणी धान्य डोळ्यांनी मोजत नाही. पण मापं तपासायला बोलवावं लागतं.

मघाशी भरपाईची गोष्ट बाजूला ठेवली होती. मला त्या १९०३ च्या कायद्यात ती तरतूद फार शहाणपणाची वाटते. कर्झनच्या सरकारला रयतेचं प्रेम होतं असं कोणी म्हणणार नाही. पण कायदा लिहिणाऱ्याला एवढं दिसलं होतं की, सगळ्यांच्या संरक्षणासाठी काही जणांच्या जमिनीवर रेघ पडते आणि ती किंमत त्या काही जणांनीच भरावी हे बरोबर नाही. आजच्या तक्त्यात हे तिसरं पारडं नाही. किती मोठं, किती वेळा, याच्या जोडीला कोणावर, हे विचारणारी ओळच नाही. दिघीतल्या अर्ध्या गुंठ्यावरच्या माणसाने देशाच्या दारूगोळ्याला जागा दिली आहे. त्याबद्दल त्याला मिळाली ती बांधकाम पाडण्याची नोटीस.

पुलगावला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक स्फोट झाला. २० तारीख होती. सोनेगाव शिवारातल्या मैदानात मुदत संपलेला दारूगोळा निकामी करण्याचं काम चालू होतं. ट्रकमधून पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यातले बहुतेक जवळच्या गावांतले कंत्राटी मजूर. दोन वर्षांपूर्वी ज्या डेपोने त्यांची गावं रातोरात रिकामी करायला लावली होती, त्याच डेपोच्या पेट्या ते रोजाने उतरवत होते. इंग्रजीतल्या ‘रिस्क’ या शब्दाचं मूळ काही अभ्यासक अरबी ‘रिझ्क’मध्ये शोधतात, काही जण ते मान्य करत नाहीत आणि इटालियन दर्यावर्दींकडे जातात. रिझ्क म्हणजे अल्लाने ज्याच्या त्याच्या वाट्याला दिलेली रोजची भाकरी. त्या पेट्या उतरवणाऱ्यांना या व्युत्पत्तीचा वाद विचारला असता, तर त्यांनी पहिल्या बाजूला मत दिलं असतं.